लेबलवरचं ठिकाण

"मॅडम, बस नाम लिखिए और साइन कर दीजिए. तीन बजे तक मुझे कोर्ट पहुँचना है."

असं म्हणत रेंज ऑफिसर दुबेजींनी एक ओली बोरी धप्पकन माझ्या टेबलावर ठेवली. टेबलावर वाळवलेले ब्लॉटिंग पेपर होते. ते भिजले. मी भडकले.

"दुबेजी, ये टेबल है, मंडी नहीं!"

"सॉरी मॅडम. चोरी का माल है. ऑर्किड है, बोलते हैं. मुलजिम अंदर है."

ही गोष्ट मी रिटायर व्हायच्या आधीच्या वर्षीची. जबलपूरच्या एका वनसंशोधन संस्थेत मी हर्बेरियमची इनचार्ज होते. हर्बेरियम म्हणजे वाळलेल्या झाडांची लायब्ररी. फांदी फुलासकट तोडायची, दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात लेबल लावायचं. झाड कोणतं, मिळालं कुठे, तारीख काय, तोडलं कोणी. त्या कागदाला आम्ही शीट म्हणतो. जंगलखात्याने कुठे चोरीची मुसळी, डिंक, साल पकडली की ओळख पटवायला माझ्याकडे यायची. मी नाव लिहायची, सही करायची, शिक्का मारायची. तीस वर्षं हेच केलं आणि कधी अडले नाही.

त्या दिवशी अडले. बोरीचं तोंड सोडलं तर वरच्याच रोपाच्या मुळांत तारेने बांधलेली अल्युमिनियमची पट्टी दिसली. बोटाएवढी. तिच्यावर खिळ्याने कोरलेला आकडा, चौदा. अक्षर माझं होतं.

"मुलजिम का नाम क्या है?" मी विचारलं.

"सुकलू. वहीं का चौकीदार है, रोजंदारी वाला. घर की बाड़ी में ये बोरी टंगी मिली. अब और क्या सबूत चाहिए?"

सुकलूला मी चांगली ओळखत होते. ही रोपं मला दाखवली त्यानेच. आणि ती कुठे आहेत हे सगळ्या जगाला सांगितलं मी.

आता हे नीट पहिल्यापासून सांगायला पाहिजे.

त्या रोपाचं नाव मी इथे लिहिणार नाही. टेकडीचंही नाही. छापून गेलेल्या पेपरात, म्हणजे माझ्या शोधनिबंधात, दोन्ही आहेत, ज्याला शोधायचंच आहे तो शोधेल. पण माझ्या हातून एकदा झालं तेवढं पुरे. आमरीची एक जात, एवढं समजा. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. ती मोठ्या झाडाच्या अंगावर राहते. लोक तिला बांडगूळ समजतात, पण बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी नुसती भाडेकरू. पाऊस आणि हवेवर जगते, घरमालकाला काही त्रास नाही. घरमालक पडला की मात्र तीही संपली.

आमच्या कपाटात या आमरीची एकच शीट होती. इंग्रज राजवटीत एका गोऱ्याने गोळा केलेली. लेबलवर तिरप्या अक्षरांत ठिकाण लिहिलेलं, संगमरवरी खडक, जबलपूर. म्हणजे आपलं भेडाघाट. या एका ओळीपायी आम्ही भेडाघाट पालथं घातलं. माझे सर गेले, मी गेले, माझे विद्यार्थी गेले. नावेतून, कड्यावरून, धुआंधार धबधब्याच्या फवाऱ्यात भिजत. मूर्ती विकणारे दुकानदारसुद्धा लांबून हाक मारायचे, "क्या मॅडम, मिला आपका फूल?" शेवटी सगळ्यांनी लिहून टाकलं, या भागातून नामशेष.

मग एक दिवस वानखेडे शीटची डागडुजी करत बसला होता. वानखेडे माझा असिस्टंट. राहतो इथेच जबलपुरात, अधारतालला, घरचे मूळ भंडाऱ्याकडचे. त्याने मला हाक मारली.

"मॅडम, इकडे या ना जरा. हा साहेब एकाच दिवशी दोन ठिकाणी कसा काय होता?"

इथे एक गोष्ट समजून घ्या. जंगलात जो माणूस नमुने गोळा करतो तो त्यांना ओळीने नंबर देत जातो. पहिला, दुसरा, तिसरा. त्याला फील्ड नंबर म्हणतात. वानखेडेने त्या गोऱ्याच्या वेगवेगळ्या कपाटांतल्या शीट एका रांगेत मांडल्या होत्या. दोनशे अकरा नंबरचं गवत, ठिकाण एक टेकडी. दोनशे तेरा नंबरचा वेल, तीच टेकडी, तीच तारीख. मधली दोनशे बारा आमची आमरी. तारीख तीच, आणि ठिकाण भेडाघाट! त्या टेकडीपासून बैलगाडीने निदान दोन दिवसांचा रस्ता.

"उडत गेला होता का हा?" वानखेडे म्हणाला.

"नाही रे. खोटं बोलून राहिला होता."

"काहून पण? झाडासाठी कोणी खोटं बोलते का?"

बोलतात. त्या काळी विलायतेत ऑर्किडचं वेड होतं. श्रीमंत लोक काचेची घरं बांधून त्यात परदेशातल्या जंगलांतली रोपं टांगायचे. लिलाव व्हायचे. रोपांचे व्यापारी आपली माणसं पाठवायचे, आपल्याकडे, ब्रह्मदेशात, दक्षिण अमेरिकेत. या माणसांना झाडावर चढायची गरज वाटत नसे. ते झाडच पाडत. आडव्या झाडावरून रोपं ओरबाडून खोकी भरत. बोटीत बरीचशी कुजत, म्हणून आणखी भरत. काहीजण तर निघताना उरलेलीही नासवून जात, मागून येणाऱ्याला काही मिळायला नको. आणि ठिकाण हे धंद्याचं गुपित. कोणी विचारलं तर भलतंच सांगायचं. आमच्या गोऱ्यानेही तेच केलं. ठिकाण बदललं, नंबर बदलायचं विसरला. आणि आम्ही शहाणे इतकी वर्षं त्याच्या थापेवर भेडाघाटला नावेची तिकिटं काढत होतो.

आणखी एक सांगते, कारण ते मला नेहमी टोचायचं. ज्या नमुन्यावरून एखाद्या जातीचं नाव ठरतं त्याला टाइप म्हणतात. या आमरीचा टाइप विलायतेत. आपल्या टेकडीवरचं रोप ओळखायला मला तिकडे ईमेल करावा लागे. ते फोटो पाठवत, फार सभ्यपणे पाठवत. जातीचं नाव कुण्या लाटसाहेबाच्या बायकोवरून. टेकडीवरचे लोक तिला काय म्हणत होते, कुठेच नोंद नाही. आमच्या शीटच्या लेबलवर खाली एवढंच होतं, 'नेटिव्ह गाइड' घेऊन गेला. त्या गाइडला नाव नव्हतं. मी विद्यार्थ्यांना ते लेबल दाखवून म्हणायची, पाहा, यांना माणूस दिसतच नव्हता. मोठ्या ऐटीत म्हणायची.

टेकडीवर गेले तेव्हा जंगलखात्याने सोबत चौकीदार दिला, तोच सुकलू. गोंड, माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा, काटक, कमी बोलणारा. शीटचा फोटो दाखवला. त्याने एकदा पाहिला.

"हओ. है."

"कहाँ?"

"चलो."

बस. आमच्या पिढ्यांचा शोध दोन शब्दांत संपला. त्याने मला तीन साजांच्या झाडांखाली नेलं. साजा म्हणजे आपला ऐन, मगरीच्या पाठीसारखी साल असते तो. वर फांद्या भरभरून फुलल्या होत्या. मी रडले. पन्नाशी कधीच उलटलेली बाई, झाडाखाली उभी राहून हमसून हमसून रडले. सुकलू बिचारा पाठ करून विडी ओढत उभा राहिला.

मग त्याने मला बरंच सांगितलं. हाडाच्या दुखण्यावर त्याच्या गावात ही आमरी वाटून बांधतात. पण घ्यायची ती गळून पडलेल्या फांदीवरची. उभ्या झाडावरच्या रोपाला हात लावायचा नाही, हा नेम. थोडं खाली एक उघडा उतार होता. त्याला गाव 'कटान' म्हणतं. आज्याच्या आज्याने पाहिलं होतं म्हणे, गोऱ्याने तिथले साजा रांगेने पाडले. पाडायला लावले गावच्याच माणसांना.

उतरताना तो म्हणाला, "बाई, लिखना मत."

मी हसले. "अरे बाबा, लिखेंगे नहीं तो बचाएँगे कैसे?"

मी त्याला फसवत नव्हते हो. माझा खरोखर विश्वास होता. आणि त्यात खोटं काहीच नाही. कागदावर रोप नसेल तर उद्या रस्ता काढणारे, खाण काढणारे अहवालात लिहितात, इथे काही विशेष नाही. कागदावर असेल तर निदान थांबून विचार करावा लागतो. माझ्या सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, लेबल नाही तर रोप नाही. चुकीच्या लेबलाने आमचं काय झालं ते तर मी भोगलंच होतं. मग मी ठरवलं, माझं लेबल असं असेल की शंभर वर्षांनीही कोणाला नावेत बसायला नको.

आम्ही तीन दिवस मोजणी केली. सुकलू चढायचा, मी खालून सांगायची. एकतीस रोपं. प्रत्येकाला पट्टी बांधली.

पेपर लिहिला. अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत दिले. पाच दशांश म्हणजे साधारण एक मीटर. फोनमध्ये आकडा टाका आणि सरळ झाडाच्या बुंध्याशी जाऊन उभे राहा. आमच्या डायरेक्टर सरांनी पाठ थोपटली. सर पुण्याचे. 'करून राहिले' ऐकलं की त्यांची भुवई वर जायची, पण त्या दिवशी गेली नाही. वर्तमानपत्रात फोटो आला, नामशेष आमरी पुन्हा सापडली. जबलपूरच्याच गोरखपूर भागात, आमच्या गल्लीत पेढे वाटले मी. पेपराच्या शेवटी आभाराची ओळ असते. त्यात लिहिलं, स्थानिक चौकीदारांचे आभार. सुकलूचं पूर्ण नाव मला माहीत नव्हतं. एक फोन करून विचारता आलं असतं. घाई होती.

पुढच्या फुलांच्या मोसमात ती बोरी माझ्या टेबलावर आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

"दुबेजी, आधा घंटा दीजिए," मी म्हणाले. त्यांना चहाला पाठवलं, वानखेडेला बोलावलं आणि बोरी वर्तमानपत्रावर उलटी केली.

नऊ रोपं निघाली. नऊच, आणि सगळी मोडकी, लहान. जे मोठे, घमेल्याएवढे झुबके होते त्यांतला एकही नव्हता. काही रोपांच्या मुळांसोबत सालीचे तुकडे आले होते. त्यांच्यावर करवतीची सरळ, गुळगुळीत कड होती. मशीनची करवत. सुकलूच्या घरी एक कुऱ्हाड होती, तिचाही दांडा सैल. मी पाहिलेली.

"मॅडम," वानखेडे म्हणाला, "हे काय बांधून ठेवलं आहे?"

चार रोपांच्या मुळांभोवती माहुलच्या सालीचे दोर गुंडाळलेले होते. माहुल म्हणजे जंगलातला मोठा वेल, त्याच्या सालीने तिकडे खाटा विणतात. आत ओलं शेवाळ लावलेलं. गाठी सैलसर, मूळ दुखू नये अशा. मोडलेलं हाड बांधतात तसं काम होतं. पुन्हा झाडावर बांधायची तयारी होती ती.

बोरीच्या तळाशी पळसाच्या पानांचा एक पुडा होता, काडीने टाचलेला. उघडला. आत माझ्या पट्ट्या होत्या. मोजल्या. तीस. आणि चौदा नंबरच्या रोपावर लटकत होती ती एकतिसावी.

म्हणजे चोरांनी रोपं नेली, पट्ट्या उपटून फेकल्या. आणि सुकलूने गवतात हुडकून हुडकून एकूणएक पट्टी गोळा केली. मॅडमची वस्तू म्हणून. वानखेडे खिडकीकडे तोंड करून नाक शिंकरत होता.

दुबेजी आले तेव्हा मी त्यांना सगळं एकेक करून दाखवलं.

"चोर मोडक्या रोपाला शेवाळ लावून दोर बांधतो का, दुबेजी? पट्ट्या पुड्यात जपून ठेवतो का? ये आदमी इनको वापस पेड़ पर बाँधने वाला था."

"वो भी यही बोल रहा है," दुबेजी म्हणाले. "बोला, मैंने फॉरेस्ट नाके पर बताया था कि पेड़ कटे हैं. नाकेवाला बोलता है, नहीं बताया. लिखा हुआ कुछ है नहीं."

"लेकिन ये पौधे उसी ने तो हमको दिखाए थे! तोडायचीच असती तर आधीच नसती का तोडली?"

दुबेजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी फाइल उघडली. आत माझ्या पेपराची प्रिंट होती. त्यांनी शेवटचं पान माझ्यासमोर धरलं.

"मैंने पढ़ा है मॅडम, पूरा पढ़ा. इसमें उसका नाम कहाँ है?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाच दशांशांपर्यंत जागा लिहिणारी मी. माणसाचं नाव लिहिलं नव्हतं. गोऱ्याला नावं ठेवली आणि त्याचीच ओळ गिरवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर माझा.

मी रिपोर्ट लिहायला घेतला. एका ओळीचा असतो तो, दोन पानं झाली. करवतीच्या कडा, दोर, शेवाळ, पुडा, पट्ट्यांचे आकडे. रोपं मला सुकलूने दाखवली हे तारखेसकट, फील्ड डायरीच्या पानासकट. आणि शेवटी, या जागेचा नेमका पत्ता माझ्या पेपरातून कोणालाही मिळू शकत होता.

नियमाप्रमाणे रिपोर्ट आधी डायरेक्टर सरांकडे गेला. दहा मिनिटांत बोलावणं आलं.

"हे काय लिहिलंय तुम्ही?"

"जे दिसलं ते, सर."

"तुम्हाला ओळख विचारली आहे. नाव लिहा, सही करा. बाकी तपास त्यांचा."

"सर, म्हातारा आत आहे."

"मला वाईट वाटतं. पण हा शेवटचा मुद्दा काढा. उद्या कोर्ट विचारेल, चोरांना पत्ता कोणी दिला? संस्थेने दिला?"

"दिलाच ना, सर. मी दिला, तुम्ही सही केली. वर्तमानपत्रात फोटो दोघांचा आहे."

भुवई वर गेली. "तुमच्या रिटायरमेंटला आठ महिने राहिलेत. शांतपणे जा."

"शांतपणे झोप लागली पाहिजे ना पण! मी हे असंच देऊन राहिले आहे. तुम्हाला पाठवायचं नसेल तर तसं लेखी द्या."

लेखी कोण देतो? रिपोर्ट गेला. मागोमाग मला शो-कॉज नोटीस आली, म्हणजे तुमच्यावर कारवाई का करू नये याचा खुलासा मागणारा कागद. मी तो फाइलला लावला. वानखेडेने समोशाची पुडी आणून ठेवली आणि म्हणाला, "खा मॅडम, फाशी थोडीच होऊन राहिली."

त्या रिपोर्टावर सुकलूला जामीन मिळाला. पण तोवर एकोणीस दिवस झाले होते. केस रद्द झाली नाही, लटकत राहिली, अजून लटकते आहे. चौकीदारी गेली, ज्याच्यावर केस त्याला कामावर ठेवता येत नाही. करवतवाले कधीच सापडले नाहीत. मोठा एक झुबका वानखेडेला फोनवर कुठल्याशा विक्रीच्या व्हिडिओत दिसला. दुर्मीळ, जंगली, असं सांगत कोणी तो फिरवून दाखवत होतं. मुळावर तारेचा व्रण होता. आम्ही व्हिडिओ दुबेजींना पाठवला. त्यांनी वर पाठवला. दोन दिवसांनी तो व्हिडिओच दिसेनासा झाला.

आणि ती रोपं? मी दुबेजींच्या पाया पडायची बाकी राहिले. म्हटलं, जिवंत आहेत, द्या, दोन दिवसांत परत झाडावर बांधते.

"सबूत है मॅडम. कोर्ट की परमिशन लगेगी."

अर्ज केला. बोरी पुन्हा शिवली, लाखेचं सील लागलं, मालखान्यात गेली. जप्तीचा माल ठेवतात ती खोली, बिनखिडकीची. परवानगी आली सव्वा महिन्याने. सील तोडलं तेव्हा आत काळा चिखल होता आणि वास. गोऱ्यांच्या बोटीतल्या खोक्यांविषयी मी तीस वर्षं वाचत होते. तो वास कसा असेल ते त्या दिवशी कळलं.

ओळखीसाठी एक रोप मी नियमाप्रमाणे आधीच काढून ठेवलं होतं. चौदा नंबरचं. ते वाळवून वानखेडेने शीटवर चिकटवलं. लेबल लिहायला मी बसले. 'तोडणारा' या रकान्यात मी सुकलूचं नाव लिहायला घेतलं. आता पूर्ण नाव पाठ झालं होतं, कोर्टाच्या कागदांवर ते जागोजागी होतं.

वानखेडेने पेनवर हात ठेवला. "नका लिहू मॅडम. उद्या वकील म्हणेल, पाहा, यांच्याच कागदावर आहे, यानंच तोडलं."

खरं होतं. नाव लिहायला गेले तर त्याचाही फास. शेवटी मी लेबलच्या खाली वेगळी ओळ घातली. 'ही जात प्रथम दाखवणारा', आणि पुढे त्याचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. असा रकाना कुठल्याही हर्बेरियमच्या लेबलात नाही. नसू दे.

मग सुकलूच्या गावी गेले. खूप उशिरा गेले, तोंड दाखवायची लाज वाटत होती. तो अंगणात माहुलची साल सोलत बसला होता. हडकला होता. मला बघून उठला, पाणी आणून दिलं. मी हात जोडले.

"सुकलू दादा, माझी चूक झाली. गलती हो गई मुझसे. आपने कहा था मत लिखो."

तो साल सोलत राहिला. मान वर न करता म्हणाला, "तीनों साजा गए बाई. एक काट दिए, दो की डगाल काट दी. सूख रहे हैं."

"सब खतम?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरच्या झोळीकडे.

"तीन दिखाए थे. चौथा नहीं दिखाया था."

"काहून?" माझ्या तोंडून मराठीच निघालं. त्याला समजलं.

"तुम लिखती हो ना."

किती सरळ बोलला! ना राग, ना टोमणा. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. आणि खरं सांगते, त्याच क्षणी असा आनंद झाला की तिथेच त्याच्या पायावर डोकं ठेवावं. चौथं झाड कुठे ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. पाणी पिऊन मी उठले.

ऑफिसात वर्षअखेरचा फॉर्म आला होता. जिल्हावार दुर्मीळ जातींची स्थिती. आमच्या आमरीपुढे रकाना होता, शिल्लक रोपे आणि ठिकाण. मी दोन्ही रकान्यांत मिळून एकच शब्द लिहिला, 'निरंक'. आमच्या मध्य प्रदेशच्या सरकारी भाषेत निरंक म्हणजे काही नाही. तीस वर्षांत जाणूनबुजून केलेली माझी पहिली खोटी नोंद. डायरेक्टर सरांनी न वाचता सही केली.

वानखेडेने फॉर्म पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी गावाला जाऊन आले हे त्याला माहीत होतं. "मॅडम, तुमच्या डायरीत त्या दिवसाची नोंद असेल ना? उद्या कोणी नंबर जुळवत बसला म्हणजे? आपण नाही का जुळवले?"

"नाही सापडणार," मी म्हणाले. "त्या दिवशी झोळीत नुसती पाण्याची बाटली होती. डायरी मी नेलीच नव्हती."